सारण कोरडं, पारी ओली

पत्र थोडक्यात असं: इंदूरचे एक गृहस्थ, वय ६४, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरात पत्नी आणि ८६ वर्षांच्या आई. मुलगा-सून बेंगळुरूला, नात दहा वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली असताना सगळे बाहेर जेवायला गेले. तिने रॅव्हिओली (सारण भरलेला इटालियन पास्ता) मागवली, चाटूनपुसून खाल्ली आणि विचारलं, "आबा, हे आपल्याला घरी करता येईल?" आबांनी शब्द दिला, दिवाळीत करू. मग पट्ट्या लाटायचं हातयंत्र आणलं, परदेशी मैद्याचं पाकीट मागवलं आणि पालक-पनीरचं सारण भरून चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा पाण्यात फुटलं, एकदा तर पातेल्यात नुसता हिरवा गाळ उरला. "अंड्याशिवाय खरा पास्ता होत नाही" असं ऐकून पाचव्या वेळी, आई कीर्तनाला गेल्या असताना, त्यांनी गुपचूप अंडी आणली. आईंना टरफलं दिसली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पत्नी दोन दिवस बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "हे खूळ आता पुरे." गृहस्थ लिहितात, "दिवाळीला दीडशे करंज्या एकहाती करते, एक फुटत नाही, पण माझ्या या कामात तिची काडीची मदत नाही." त्यांचे प्रश्न असे: नाद सोडावा का? गच्चीवर वेगळी शेगडी मांडून अंडं घालून करावं का? की तयार फ्रोझन पाकीट आणून नातीला 'घरीच केलं' म्हणून सांगावं? आणि पत्नीचा पाठिंबा कसा मिळवावा?

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मनात राहिली ती तुमची चिकाटी. ज्या माणसाने आयुष्यात कधी कणीक भिजवली नाही, तो नातीला दिलेल्या शब्दापायी चार-चार वेळा परातीशी बसतो, याला मी तरी खूळ म्हणणार नाही. नाद सोडू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं.

दुसऱ्यांदा वाचताना पत्रात काय लिहायचं राहिलं आहे ते दिसलं. यंत्र कितीला पडलं ते आहे, मैदा किती घेतला ते आहे, पाणी किती वेळ उकळलं तेही आहे. पातेल्याच्या बुडाला चिकटलेला तो हिरवा गाळ कुणी खरवडला आणि ओट्यावरचा, गॅसखालचा, डब्यांच्या झाकणांवरचा मैदा कुणी पुसला, ते मात्र कुठेच नाही. वहिनींच्या दोन दिवसांच्या अबोल्यामागे अंड्यांइतकाच तो ओटाही असू शकेल. त्यांना विचारून बघा.

आणि ते करंज्यांचं वाक्य. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. मी तिथेच थांबले, कारण तुमच्या फुटणाऱ्या रॅव्हिओलीचा उपाय त्याच वाक्यात आहे. पारी लाटायची, सारण भरायचं आणि कडा अशा बंद करायच्या की आतलं बाहेर येणार नाही. भरलेला पास्ता तो एवढाच. पदार्थ परका म्हणून त्याची विद्याही परक्याकडूनच यायला हवी असं तुम्ही धरून चाललात. यंत्राला विचारलंत, पाकिटावरच्या सूचनांना विचारलंत. चाळीस वर्षं सारणावर कडा मिटणारी बाई त्याच स्वयंपाकघरात होती, तिला मात्र "तुझी का फुटत नाही?" हे एकदाही विचारलं नाहीत.

आता नातीकडे येऊ. तिचे शब्द तुम्ही जसेच्या तसे लिहिलेत म्हणून बरं झालं. "आपल्याला घरी करता येईल?" असं तिने विचारलं. तिला पुन्हा खायला हवं असतं तर ती "परत इथे येऊ या" म्हणाली असती. तिला करायचं आहे, तेही तुमच्याबरोबर. ती यायच्या आत सगळं जमवून, ताट तयार ठेवून तिला चकित करायचं हे तुमचं तुम्ही ठरवलंत. एकदा हे लक्षात घेतलं की फ्रोझन पाकिटाचा प्रश्न उरतच नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. नको.

गच्चीवरच्या शेगडीवर मात्र थोडं थांबते, कारण त्यामागे एक समज आहे आणि तो अनेकांचा असतो. आईंचं दुखणं अंडं कोणत्या मजल्यावर फुटलं हे नसून ते त्यांच्या पाठीमागे फुटलं हे आहे. गच्चीवर मांडलेली शेगडी हीसुद्धा पाठीमागचीच जागा. आधी त्यांच्याजवळ बसा आणि "चुकलं" म्हणा. अंडं ज्या परातीत फोडलं तिचं काय करायचं, घासून चालेल की वेगळी ठेवायची, तेही त्यांनाच विचारा आणि त्या सांगतील ते करा. आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना ठाऊक नसते. इटलीचं ते प्रसिद्ध पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचक रसाने विरजलेलं असतं. अंड्याची टरफलं तरी दिसतात, हे दिसत नाही. आईंच्या ताटात जाणारं चीज हिरव्या ठिपक्याचंच असेल एवढं पाहा, आणि पाकीट त्यांना दाखवून मगच उघडा.

आता मुळात अंडं लागतं का, ते बघू.

इटलीच्या उत्तरेकडे, बोलोन्या आणि मोदेनाच्या भागात, मऊ गव्हाच्या मैद्यात अंडं घालून पीठ भिजवतात. १०० ग्रॅमला एक, असं सोपं प्रमाण. टॉर्टेलिनी, म्हणजे छोटा भरलेला पास्ता, तिथलीच, आणि तिच्या सारणाची कृती १९७४ साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलेली आहे. ही एका प्रांताची रीत झाली. दक्षिणेत आणि सार्डिनिया बेटावर पीठ असतं ते कठीण गव्हाच्या बारीक रव्याचं आणि पाण्याचं, अंडं नाहीच. त्यातला खरा कोणता, असं विचारणं म्हणजे ओल्या नारळाची करंजी खरी की सुक्या खोबऱ्याची असं विचारणं. मऊ गव्हाच्या पिठाला अंड्यामुळे बळ येतं, रंग येतो. कठीण गव्हाच्या अंगात प्रथिनं मुळातच जास्त आणि रंगही मुळातच पिवळसर, म्हणून त्याला अंड्याचा आधार लागत नाही.

हा कठीण गहू म्हणजे ड्युरम. तुमचं पत्र इंदूरचं आहे हे पाहून मला जो आनंद झाला तो याच्यासाठी. माळव्यात ज्याला कठिया म्हणतात तो हाच, आपल्या बाफल्यांचा, म्हणजे आधी उकडून मग भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, गहू! भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र इंदूरलाच आहे. पुसा मंगल, पुसा अनमोल, पुसा तेजस या ज्या जाती तिथून निघाल्या, त्या कठियाच्याच. इटलीत १९६७ पासून कायद्याने वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच करावा लागतो. ज्या गव्हासाठी तिथे कायदा केला तो तुमच्या गिरणीपासून हाकेच्या अंतरावर मिळतो, आणि तुम्ही पाकीट समुद्रापलीकडून मागवलंत.

इंदूरच्या छावणी भागातल्या धान्याच्या दुकानात जाऊन कठिया मागा. शरबती घेऊ नका. ती पोळीला उत्तम, पण इथे तिचा मऊपणा आड येतो. दोन किलो पुरे. निवडून, गिरणीत बारीक दळून आणा आणि शक्य असेल तर पुन्हा एकदा गिरणीतून काढा. आपल्या आधी कुणाचं बेसन दळलेलं नसेल एवढं बघा, तो वास शेवटपर्यंत जात नाही. घरी मैद्याच्या चाळणीने चाळा आणि मग पातळ सुती कापडातून वस्त्रगाळ करा. कोंडा राहिला तर पातळ पारी त्या जागी चिरते. वर उरलेला कोंडा पोळ्यांच्या कणकेत जाईल, वाया काहीच जात नाही.

चौघांसाठी वस्त्रगाळ कठिया २०० ग्रॅम, साधा आपला मैदा १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल आणि १५० ते १६० मिलिलिटर कोमट पाणी. पाणी वाटीने न घेता मापाने घ्या. पीठ पुरीच्या पिठाहून घट्ट होईल. पहिली पाच मिनिटं ते रवाळ राहील, हाताला तुटल्यासारखं लागेल आणि पाणी कमी पडलं असं वाटेल. वाढवू नका. दहा-बारा मिनिटं तळहाताच्या टाचेने रेटून तिंबा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. अर्ध्या तासाने बोट दाबून बघा, तोच गोळा गुळगुळीत झालेला असेल. दाबलेला खळगा हळूहळू भरून येतो, पुरा भरत नाही. कठियाचा स्वभावच असा की तो ताणला तर ताणलेला राहतो, मैद्यासारखा मागे खेचला जात नाही. पारी लाटायला याहून चांगलं काय हवं?

ज्यांच्या गावात कठिया मिळत नाही त्यांनी करंजीला वापरतात तो चिरोटी रवा घ्यावा, मिक्सरमधून एकदा फिरवावा आणि निम्मा मैदा मिसळावा. भिजायला मात्र पाऊण तास द्यावा. ज्यांच्या घरी अंडं चालतं त्यांनी खुशाल घालावं. पुढचं सगळं दोघांनाही सारखंच लागू आहे, कारण फुटण्याशी अंड्याचा संबंध फार थोडा.

फुटतं ते सारणामुळे.

करंजी गरम तेलात पडते, बाहेरचा पापुद्रा लगेच कडक होतो आणि कडा जागच्या जागी धरल्या जातात. पास्ता पाण्यात पडतो. पहिली दोन मिनिटं पारी मऊच असते, वरून पाणी आणि आतून सारणाची वाफ, दोन्हींचा मार त्या कडेवर. म्हणून करंजीत खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

पालक म्हणजे दर १०० ग्रॅममध्ये नव्वदहून जास्त ग्रॅम पाणी. तुम्ही लिहिलंय, पालक उकडला, चिरला, पनीर कुस्करलं, मीठ घातलं आणि मग पट्ट्या लाटायला घेतल्या. त्या पट्ट्या लाटून होईपर्यंत मिठाने पालकातलं पाणी बाहेर काढलं, पनीरनेही सोडलं, आणि पट्टीचा तळ आतून भिजत गेला. उकळत्या पाण्यात पडायच्या आधीच ती अर्धी फुटलेली होती. पालक दोन मिनिटं उकडून गार पाण्यात टाका, धुतलेल्या सुती फडक्यात बांधून दोघांनी दोन टोकं धरून पिळा, बारीक चिरा आणि कढईत कोरडाच परता. तळाशी सुंसुं आवाज बंद होईपर्यंत परतत राहा. पनीर घरी केलेलं असेल तर रात्रभर टांगून ठेवा आणि तळहाताने मळून लोण्यासारखं करा. मीठ अगदी शेवटी, भरायला बसताना.

मग एक चाचणी. आवळ्याएवढा गोळा कोऱ्या कागदावर ठेवा आणि दहा मिनिटं दुसरं काम करा. परत आल्यावर गोळ्याभोवती ओलं वर्तुळ उमटलेलं दिसलं तर सारण पुन्हा कढईत. कागद कोरडा तर भरायला घ्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्यांदा लाल भोपळ्याचं सारण भरून केलं तेव्हा भोपळा कुकरला लावला होता. पाण्यात टाकलेल्या वीसपैकी तीन शाबूत बाहेर आले. इटलीतल्या मांतोवा शहरात लाल भोपळ्याचेच टॉर्टेली करतात, नाताळच्या आदल्या रात्रीचा तो मान. त्यात बदामी बिस्किटांचा चुरा आणि मोहरीच्या झणक्याचा फळांचा गोड मुरंबा असतो. तिथे भोपळा पाण्यात शिजवत नाहीत, भाजतात. पुढच्या खेपेला मी तो सालीसकट भाजला, गर कढईत हलव्यासारखा आटवला, भाजलेल्या बदामांची भरड आणि मोहरी फेसून घातलेल्या गोड लोणच्याचा चमचाभर खार घातला. तेव्हापासून एक फुटलेला नाही. तुमच्या आईंना घारगे आवडत असतील तर ही चवही आवडेल असं वाटतं.

दुसरं कारण हवा. सारणाभोवती हवा कोंडली की ती तापून फुगते आणि कडा उघडते. खुळखुळा झालेली करंजी तळणीतून निदान अख्खी तरी निघते. पाण्यात खुळखुळा चालत नाही. वरची पारी ठेवली की बोटाच्या पेराने सारणाला चिकटून दाबत बाहेर या, शेवटची जागा मोकळी ठेवा, हवा निघाली की मग ती मिटा.

तिसरं, कोरडी कड. इथे मला तुमच्या यंत्राबद्दल लिहायलाच हवं. यंत्र वाईट नाही. त्यातून हातभर लांब पट्टी निघते, तिच्यावर ओळीने सारण ठेवायचं, वरून दुसरी पट्टी. पण दसरा-दिवाळीच्या दिवसांत इंदूरची हवा कोरडी असते, आणि पट्टीच्या या टोकापासून त्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिली कड वाळलेली असते. वाळलेली कड पाणी लावूनही मनापासून चिकटत नाही. वहिनी कशा करतात ते आठवा. लाट्या ओल्या फडक्याखाली, एक काढायची, लाटायची, भरायची, मिटायची, मगच दुसरीला हात लावायचा. घरच्या चार माणसांना हीच पद्धत बरी. बोलोन्यातही पीठ लांबलचक लाटण्याने हाताने लाटणाऱ्या बायका आहेत, त्यांना स्फोल्यीने म्हणतात आणि त्यांच्या हाताला तिथे मोठा मान आहे. पारी इतकी पातळ हवी की खालच्या पोळपाटाचा रंग जाणवला पाहिजे. कडेला पाण्याचं बोट अगदी हलकं फिरवा, जास्त झालं तर चिखल होऊन कडा घसरतात. सारणाचा कण कडेवर आला तर पुसून काढा. खाली भुरभुरायला मैदा नको, रवा घ्या. मैदा ओल धरतो आणि तळ ताटाला चिकटतो.

आणि पाणी. १०० ग्रॅमला एक लिटर आणि लिटरला १० ग्रॅम मीठ, या हिशेबाने मोठं पातेलं. पाण्याला उकळी खळखळून यायला हवी, पण नग सोडले की गॅस कमी करा, आमटी मंद उकळते तसं. खळखळत्या पाण्यात ते एकमेकांवर आपटून फाटतात. एका वेळी आठ-दहाच. वर तरंगले म्हणजे शिजले असं नाही. चार-पाच मिनिटांनी एक काढून कडेला कापून बघा. आत पांढरी रेघ दिसली तर अजून मिनिटभर. झाऱ्याने काढा, चाळणीत ओतू नका.

वरून काय? टोमॅटोचा घट्ट रस्सा नको, त्यात पारीची आणि सारणाची चव बुडून जाते. घरचं लोणी कढवायला ठेवा, बेरी तांबूस होऊन घरभर वास सुटतो त्या क्षणी उतरवा आणि बेरीसकट चमचाभर वर घाला. इटलीतही लोणी असं तांबूस करून भरलेल्या पास्त्यावर घालतात. तिथे बरोबर सेजची पानं असतात, आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत. काहीच नाही घातलं तरी चालतं.

आता आईंबद्दल जे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते. सार्डिनियाच्या पूर्वेला ओल्यास्त्रा नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे कुलुर्जोनेस नावाचा भरलेला पास्ता करतात. पीठ कठीण गव्हाच्या रव्याचं आणि पाण्याचं, अंडं नाही. आत उकडलेला बटाटा, मेंढीच्या दुधाचं चीज आणि पुदिना. वाटीच्या तोंडाएवढी गोल पारी डाव्या हातावर घेतात, मधे सारण ठेवतात आणि एक चिमट इकडून, एक तिकडून, अशी आळीपाळीने दुमड घालत वरपर्यंत मिटत नेतात. बंद झाल्यावर ती गव्हाच्या लोंबीसारखी दिसते. चित्र डोळ्यांसमोर आलं ना? ही मुरड आहे. करंजीची मुरड एका कडेने जाते, ही सारणाच्या माथ्यावरून जाते, इतकाच फरक.

तुमच्या आईंच्या पिढीतल्या बायकांनी कातणं बाजूला ठेवून हाताने मुरड घातलेली आहे. शहाऐंशीव्या वर्षी लाटणं झेपणार नाही, पण मुरडीला जोर लागत नाही, बोटांना सवय लागते. नुसती पारी त्यांच्या हातावर ठेवा आणि विचारा, "आई, हे असं दोन्हीकडून मिटायचं आहे, कसं करशील?" बटाटा सालीसकट उकडा, गरम असतानाच कुस्करून पसरा म्हणजे वाफ निघून जाईल. मेंढीच्या चीजऐवजी टांगलेलं पनीर आणि थोडं हिरव्या ठिपक्याचं चीज. पुदिना बारीक चिरून, कोरडा करून. याला शिजायला मिनिटभर जास्त लागतं, कारण मुरडीत पारी दुहेरी असते. आईंनी नको म्हटलं तर आग्रह करू नका. पण त्यांच्या घरात त्यांच्या नियमांत बसणारा पदार्थ त्यांच्यासमोर ठेवलात, एवढं त्यांना कळेल.

वहिनींचा पाठिंबा कसा मिळवायचा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पाठिंबा हा शब्द मला खटकला. काम तुमचं, नाव तुमचं आणि त्यांनी हातभार लावायचा, असा त्याचा अर्थ होतो. या कामात जाणत्या त्या आहेत. आधी एक आठवडा ओट्याला रोज रात्री स्वतः फडकं मारा, कुणी न सांगता. मग विचारा, "मला करंजी मिटायला शिकवशील?" करंजीच म्हणा, रॅव्हिओलीचं नाव काढू नका. दीडशे करंज्या एकहाती हे कौतुकाचं वाक्य तुम्हाला वाटतं, पण एकटीने बसून दीडशे पाऱ्या मिटताना पाठीचं काय होतं ते त्यांना विचारा. माझ्या लहानपणी इंदूरच्या रामबागेत करंज्या कुणी एकटीने करत नसे. आज आमच्याकडे, उद्या शेजारी, पाच-सहा पोळपाट लागायचे, आणि मुरड घालायला जिचा हात बसलेला तिला मधली जागा. टॉर्टेलिनीही नाताळाच्या आधी अशाच घरच्या बायका टेबलाभोवती बसून करत आल्या आहेत. एकट्याने करायचं म्हणून तुम्ही दमलात, आणि वहिनी तर कित्येक वर्षं दमत आल्या असतील. या वर्षी त्यांच्या करंज्यांना बसा. लाटून द्या, लाट्या झाकून ठेवा, तळणीपाशी उभे राहा. त्या दीडशे करंज्यांत तुम्हाला जो हात मिळेल तो कुठल्याच यंत्राने मिळणार नाही. त्यानंतरही त्या म्हणाल्या, "तुमचं ते इटालियन तुम्हीच करा," तर तेही मान्य करा. हात तर आलेला असेल.

आणि वार नीट निवडा. फराळाच्या धामधुमीत स्वयंपाकघर मागू नका. भाऊबीज होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची जीभ चकली-शेव-लाडवांना कंटाळलेली असते आणि काहीतरी गरम, मऊ, बिनसाखरेचं हवं असतं. तो दिवस तुमचा. त्याआधी, नात यायच्या आठवडाभर आधी, एकदा पंधराच नग करून बघा. उरले तर रवा भुरभुरलेल्या ताटात सुटे-सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा. शिजवताना ते वितळू न देता थेट पाण्यात सोडायचे. नुसत्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तासाभरात तळ ओला होतो.

नातीला आजच फोन करा आणि खरं काय ते सांगा. चार वेळा फुटलं, एकदा हिरवा गाळ झाला, आता कारण सापडलं आहे. कागदावरची चाचणी तिची, कातणं फिरवायचं काम तिचं. मुलांना कातणं फार आवडतं, वहिनींकडे ते असणारच. तिच्या उंचीला ओटा पुरणार नाही, म्हणून खाली सतरंजी घाला, मधे परात ठेवा आणि सगळे भोवती बसा. आईंची खुर्ची तेवढी जवळ ओढून घ्या.